पंख गेले, तोल राहिला

निक्टेरिबिडी कुळातली माशी पहिल्यांदा पाहणारा तिला कोळीच समजतो. पंख नाहीत, अंग चपटे, लांबलांब पाय पाठीकडून फुटल्यासारखे. डोके तर शोधावे लागते. ते मागे दुमडून छातीवरच्या खाचेत ठेवलेले असते आणि रक्त प्यायची वेळ आली की पुढे उलटते. तिचे आयुष्य वटवाघळाच्या लवेत जाते. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये राहणाऱ्या लेशनॉल्टच्या फलाहारी वटवाघळावरही या कुळातल्या माश्या आढळतात.

अशा जिवांना ‘ऱ्हास पावलेले’ म्हणायची जुनी सवय आहे. मला ती अन्यायाची वाटते. दाट केसांतून पळताना पंख अडकलेच असते; ते गेले. बदल्यात अंगावर राठ काट्यांच्या फण्या आल्या. त्या केसांत रुततात आणि वटवाघूळ उडत असतानाही माशी सुटत नाही. अंग साफ करणाऱ्या यजमानाच्या दातांतून निसटायला चपटेपणा उपयोगी.

पण या रचनेतली सर्वांत सुंदर जागा वेगळीच आहे. माश्यांच्या मागच्या पंखांचे फार पूर्वी टोकाला गोळी असलेले दोन इवले दांडे झाले. उडताना अंग किती वळले हे त्यांच्यामुळे कळते. निक्टेरिबिडीचे पुढचे पंख पार नाहीसे झाले, हे दांडे मात्र शाबूत आहेत. उडणेच उरले नाही, तरी तोल सांभाळणारे अवयव अंगावर आहेत! पूर्वज उडणारे होते, हे सांगायला इथे जीवाश्माची गरजच नाही.

तिचे मातृत्वही विलक्षण. ती अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तीही ग्रंथींतून पाझरणाऱ्या दुधावर. नुसत्या रक्तात न मिळणारी ब जीवनसत्त्वे पुरवणारे जीवाणू त्याच दुधातून अळीत उतरतात. अळी पुरी वाढली की माशी यजमानाला सोडते, अळी गुहेच्या भिंतीला चिकटवते आणि परतते. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीचे बाळंतपणही असेच. दोघी एकाच गोतातल्या.

अ‍ॅस्कोडिप्टेरॉन ही दुसरी वटवाघूळमाशी याहून पुढे जाते. मादी पंखांनिशी जन्मते, वटवाघूळ गाठते, मग पंख आणि पाय दोन्ही टाकून त्याच्या कातडीत शिरते. मागचे टोक तेवढे बाहेर उरते. अळ्या तिथूनच पडतात. नर मात्र जन्मभर पंखवाला. एकाच जातीत इतकी टोकाची दोन शरीरे!

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या अंबरात अशीच एक प्राचीन वटवाघूळमाशी अडकलेली सापडली. तिच्या पोटात हिवतापाच्या जंतूंचा एक नातलग होता. संशोधक जॉर्ज पॉइनार यांनी 2011 साली त्याचे वर्णन केले. वटवाघळावर माशी, माशीत जंतू: ही साखळी आजही चालू आहे. पॉलिक्रोमोफिलस हा वटवाघळांच्या हिवतापाचा जंतू पसरवतात त्या निक्टेरिबिडीच.