बनगरवाडी आणि उमुओफिया : निवेदकाचा हुद्दा

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) शेजारी ठेवली की ‘मोडणारे गाव’ हे सूत्र चटकन सुचते. ते फसवे आहे. उमुओफियात शाळा चर्चच्या सावलीत येते. न्वोये धर्मांतर करतो आणि बापलेकाचे नाते तुटते. बनगरवाडीत मिशनरी नाहीच. शाळा औंध संस्थानची, आणि कारभाऱ्याच्या संमतीवाचून ती चालणार नाही, हे राजाराम मास्तर लवकरच ओळखतो. धनगरांच्या श्रमांतून तालीम उभी राहते. उद्घाटनास राजा येतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रसंगातील सत्तेचे सौम्य रूप उमगते. इंग्रजांची अधिसत्ता येथे एतद्देशीय वेशात, म्हणून जवळजवळ अदृश्य आहे. वाडी ओस पडते ती दुष्काळाने.

खरा भेद निवेदनात आहे. अचेबे इग्बो म्हणींच्या आधाराने गाव आतून सांगतात आणि अखेरीस लेखणी इंग्रज जिल्हा कमिशनरच्या हाती गेलेली दाखवितात : ओकोन्क्वोची शोकांतिका त्याच्या नियोजित ग्रंथात एका परिच्छेदापुरती उरणार असते. ‘बनगरवाडी’ मात्र सबंधच एका सरकारी नोकराच्या तोंडून येते. तो सहृदय आहे, म्हणूनच त्याची उलटतपासणी करावी असे वाचकाला वाटत नाही. धनगरांची परंपरा त्याला कळते तेवढीच आपल्याला कळते. माडगूळकरांच्या अलिप्त शैलीचे कौतुक पुष्कळ झाले. त्या अलिप्ततेत मास्तराच्या हुद्द्याचाही वाटा असावा, असे मला वाटते.