वंशावळ कोणाला उत्तर देते?

काशीत नारद घाटाच्या उत्तरेस राजा घाट आहे. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा घाट पक्का बांधविला. पुढे माणसाचे नाव गळाले आणि पदवी तेवढी उरली. आणि तीही त्यांची नव्हे. अमृतराव राजे नव्हते. 1802 साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतल्यावर काही काळ तेथील कारभार त्यांच्या हाती आला, पण पेशवाईची वस्त्रे त्यांना लाभली नाहीत. मुलखापासून दूर चाकरी करणारा मराठी माणूस या पायऱ्यांवर येऊन बसला, की इतक्या मोठ्या घराण्याची ही गत, तर आपल्या नातवंडांना आपले काय ठाऊक राहणार, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. याच विचारातून पुष्कळजण सेवानिवृत्तीनंतर कुलवृत्तान्त लिहावयास बसतात. त्या लेखनप्रकाराविषयी आम्हांस येथे काही बोलावयाचे आहे.

कुलवृत्तान्ताची परीक्षा आपल्याकडे बहुधा एकाच कसोटीवर होते: नावे बरोबर आहेत की चूक, मधली पिढी सुटली की काय. ही कसोटी आवश्यक खरी, पण पुरेशी नव्हे. वंशाविषयीचा प्रत्येक कागद कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास येतो. तो प्रश्न कोणता, हे न ओळखता जो त्यातील नावे उचलतो, तो त्या कागदाच्या मर्यादाही नकळत आपल्या ग्रंथात उचलून आणतो, असे आमचे म्हणणे आहे.

काशीतीलच उदाहरण घेऊ. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, जन्म 1513, हे 'त्रिस्थलीसेतु'चे कर्ते. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी आपल्या घराण्याचा इतिहास 'गाधिवंशानुचरित' या संस्कृत ग्रंथात लिहिला. 1912 साली हरप्रसाद शास्त्री यांनी काशीतील दाक्षिणात्य पंडितांवर लेख लिहून तो अभ्यासकांपुढे आणला. स्थलांतरित मराठी घराण्याने परमुलखात लिहिलेला इतका जुना कुलवृत्तान्त आमच्या पाहण्यात दुसरा नाही. परंतु त्याच्यापुढील प्रश्न होता, काशीच्या विद्वत्सभेत या घराण्याला अग्रपूजेचा मान का असावा, हा. म्हणून त्यात विद्वत्ता आहे, शिष्य आहेत, वाद जिंकल्याच्या कथा आहेत. पैठणची भाषा घरात किती पिढ्या टिकली, हे विचारणारे त्या सभेत कोणीच नव्हते. मग त्याचे उत्तर ग्रंथात कोठून येणार?

याच घराण्यातील दिनकरभट्टांचे पुत्र गागाभट्ट 1674 साली रायगडावर राज्याभिषेकास गेले, हे सर्वांस ठाऊक आहे. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांचे कार्य त्याहून कमी ऐकिवात आहे. त्यांचा 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांत वारसा आणि दत्तक यांविषयी मोठा आधारग्रंथ ठरला. त्यात बहिणीला गोत्रज मानून वारसांत स्थान दिले आहे, कारण तिचा जन्म भावाच्याच गोत्रात झालेला असतो. आता आमचे छापील कुलवृत्तान्त उघडून पाहावेत. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव झाल्यावर मुलाच्या नावाखाली शिक्षण, नोकरी, बदल्या, सारे येते. मुलगी मात्र सासरचे नाव सांगून एका ओळीत संपते. धर्मशास्त्रकाराने जिला वारसांत बसविले, तिला वंशलेखकाने दारातूनच निरोप द्यावा, हे विचित्र नव्हे काय?

दुसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. काशी, गया, त्र्यंबक येथे यजमान येई, आपल्या हाताने गाव, आजा, बाप, भाऊ व मुले यांची नावे लिही आणि सही करी. नातू शंभर वर्षांनी येऊन आजोबांचे अक्षर पाहतो तेव्हा त्याला गहिवर येतो. तो गहिवर खोटा नाही. परंतु ही वही दोनच प्रश्नांना उत्तर देते: पिंड कोणाला द्यावयाचा, आणि हा यजमान कोणाचा. जो आलाच नाही तो वहीत नाही. ज्याने कर्जापायी गाव सोडले, त्याचे गाव वहीत आहे, कर्ज नाही.

हा दोष आमच्याच समाजाचा आहे, असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेत जाऊन शेती करणाऱ्या कुटुंबांचे वंशज आज आपले मूळ किती चिकाटीने शोधतात, हे पाहण्याजोगे आहे. 1850 पासूनच्या हांबुर्ग बंदराच्या उतारूंच्या याद्या टिकल्या आहेत. त्यांत नाव, धंदा, शेवटचे राहण्याचे गाव मिळते. त्या गावच्या चर्चच्या दप्तरात बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई सापडते. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळविणाऱ्याला पाच वर्षे ती राहून कसल्याचा पुरावा साक्षीदारांसह द्यावा लागे; तो कागदही सरकारदप्तरी असतो. आमच्यापेक्षा साधने कितीतरी अधिक. तरीही तेथे चर्च विचारते बाप्तिस्मा झाला काय, बंदर विचारते कोठून आलास, सरकार विचारते जमीन कसलीस काय. नव्या मुलखातल्या पहिल्या हिवाळ्यात त्या बाईने घर कसे चालविले, हे विचारणारा कारकून तेथेही नव्हता. ते कळते ते घरच्या पत्रांतून, आणि पत्रे राहतात ती कोणी जपून ठेवली तरच.

आता पुन्हा राजा घाटाकडे येऊ. अमृतरावांचा जन्म भुसकुटे घराण्यातला. दत्तक झाल्यामुळे ते पेशव्यांच्या वंशात आले. 1803 साली इंग्रजांशी करार होऊन त्यांना सात लाखांचे वार्षिक वेतन मिळाले व ते बुंदेलखंडात कर्वीस आणि काशीस राहू लागले. 1824 साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे पुत्र विनायकराव यांनीही दत्तकच घेतले. सत्तावन्नच्या उठावानंतर, 1858 साली, कर्वीचा खजिना इंग्रज फौजेने हस्तगत केला आणि ती लूट कोणत्या पलटणींत कशी वाटावी, याचा खटला विलायतेत चालून 1866 साली निकाल झाला. या घराण्याविषयी सर्वांत तपशीलवार कागद आहेत ते या तनख्याचे व या लुटीचे. सरकारला प्रश्न पैशाचा होता. उत्तरही पैशाचेच मिळाले. रक्ताने शोधू जाल तर हा वंश दोनदा तुटतो. दप्तराने शोधू जाल तर तो अखंड दिसतो, पण त्यात माणूस दिसत नाही.

माणूस दिसतो तो अवचित, भलत्याच ठिकाणी. 1824 साली काशीस आलेल्या बिशप हिबर यांनी आपल्या प्रवासवृत्तात नमूद केले आहे की, गणपतीच्या उत्सवाला अमृतराव दरवर्षी येईल त्या ब्राह्मणाला व गरिबाला शेरभर तांदूळ आणि एक रुपया देत. पुण्याचा गणेशोत्सव हरवून बसलेला एक मनुष्य गंगेच्या काठी तो अशा रीतीने जपत होता. सात लाखांच्या आकड्याने जे कळत नाही, ते या शेरभर तांदळाने कळते. आणि ही नोंद वंशाविषयी काहीही विचारावयास न आलेल्या परक्याची आहे!

म्हणून कुलवृत्तान्त लिहू इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस आमची सूचना आहे. वंशवृक्ष अवश्य काढावा, वह्या अवश्य पाहाव्यात. परंतु प्रत्येक कागदाशेजारी तो कोणी व कशासाठी लिहविला हे टिपावे, आणि जो प्रश्न कोणीच विचारला नाही तो आपण विचारावा. आजोबांनी गाव सोडले तेव्हा मागे कोण राहिले? बदलीच्या प्रत्येक गावी आजीने शेजारणीशी कोणत्या भाषेत बोलणे केले? बहिणींच्या मुलांकडे कोणती पत्रे आहेत? मुलांना मराठी लिहिता येईनासे झाले ते कोणत्या गावी? दत्तक असेल तर त्याच्या जन्मदात्या आईचे नाव काय? यांतील पुष्कळ उत्तरे आज सत्तर-ऐंशीच्या घरातल्या मावश्या-आत्यांपाशी आहेत आणि कोणत्याही दप्तरात नाहीत. मूळ पुरुषाचा शोध आणखी दहा वर्षे थांबला तरी बिघडणार नाही. आत्याला पत्र मात्र याच आठवड्यात गेले पाहिजे.