‘आमचे हे’ आणि बिलचा पार्टनर

नवऱ्याचे नाव न घेता चाळीस-चाळीस वर्षे संसार करण्याची कला आपल्याकडच्या बायकांना साधली होती. ‘अहो’, ‘हे’, ‘इकडची स्वारी’, फारच झाले तर ‘बंड्याचे बाबा’. नाव घ्यायचे ते उखाण्यात, आणि तेही दार अडवल्यावर. पण म्हणून ‘हे’ म्हणजे नक्की कोण, अशी शंका कुठल्या शेजारणीला आली नाही. तेव्हा न सांगता सांगणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. या एवढ्याच अधिकारावर मी व्हिडिओ गेमांतल्या समलिंगी पात्रांबद्दल चार शब्द लिहितो आहे.

खेळते माझी कॉलेजातली भाची. मी शेजारी बसून शेंगदाणे खात सूचना देतो. (क्रिकेटही मी असेच खेळतो.) ‘द लास्ट ऑफ अस’ हा 2013 सालचा खेळ. बुरशीच्या साथीने अमेरिका उद्ध्वस्त झालेली. एका ओसाड गावात बिल नावाचा एक खेकसणारा गृहस्थ एकटाच राहतो. गावभर त्याने सापळे लावलेत, आणि कुणाला जीव लावू नये असा त्याचा उपदेश आहे. पुढे एका घरात फास लावून घेतलेला माणूस दिसतो आणि बिलचा आवाज उतरतो. हा फ्रँक, आपला पार्टनर होता, एवढेच तो सांगतो.

पार्टनर! आपल्याकडे हा शब्द कॅरमपासून पिठाच्या गिरणीपर्यंत कुठेही चालतो. पण बिलचा चेहरा बघितला की ही भागीदारी गिरणीची नव्हती, हे कळते. फ्रँकची चिठ्ठी त्याच घरात असते. सापडली तर वाचायची, नाही तर पुढे चालू लागायचे. तिच्यात प्रेमाचे अवाक्षर नाही, बिलवरचा रागच आहे. पण इतका जिव्हाळ्याचा राग माणूस घरच्या माणसावरच काढतो, भाडेकरूवर नाही! बिल स्वतःवर कसलीही पाटी लावत नाही, कारण तो बिल आहे. त्याने मन मोकळे केले असते, तर सापळे कशाला लावले असते?

म्हणजे सूचक ते चांगले आणि उघड ते भडक? तसे नाही हो. 2014 च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मधला डोरियन बघा. खानदानी जादूगार, मिशा वळवलेल्या, बोलणे फटकळ. आपल्याला पुरुषच आवडतात, हे तो स्वच्छ सांगतो. सांगणारच. ठरवलेल्या मुलीशी लग्न करून जन्मभर नाटक करायला हा तयार नाही, म्हणून घराण्याच्या नावासाठी बापाने रक्ताची जादू वापरून मुलालाच बदलायचा घाट घातला होता. त्या बापासमोर उभे राहून ‘आमचे हे’ करत बसलात, तर गोष्टच उरत नाही. त्यातली जादू वगळली, तर तो प्रसंग आपल्या कुठल्याही दिवाणखान्यात घडू शकेल.

माझी तक्रार आहे ती तिसऱ्या प्रकाराबद्दल. ‘ओव्हरवॉच’ हा खेळ मे 2016 मध्ये आला. त्यातली ट्रेसर ही मुलगी तोंडाला कुलूप नसलेली, भरपूर बडबडी. तिचे एमिली नावाच्या मुलीवर प्रेम आहे, हे लोकांना कळले डिसेंबरात, आणि तेही वेगळ्या काढलेल्या एका कॉमिकमधून. त्या वेळी खेळात त्याची खूणही नव्हती. रशियात तर तिथल्या कायद्याकडे बोट दाखवून कंपनीने ते कॉमिक दाखवलेच नाही. खेळ मात्र विकत मिळत होता. आता, बिलचे मौन बिलचे आहे. इतक्या बडबड्या ट्रेसरचे मौन कुणाचे? ते दुकानदाराचे. ज्याला हवे त्याला ‘आहे’ म्हणायचे, ज्याला नको त्याला ‘कुठे काय?’ म्हणायचे. उखाण्याचा आव आणून गल्ला सांभाळण्याचा हा प्रकार.

एवढा निकाल देऊन मी वाटीत हात घातला, तर भाची म्हणाली, “मामा, बिलची चिठ्ठी सापडली नाही तर तुझं काही अडत नाही. पण आपल्यासारखं जगात दुसरं कुणी आहे का, हे ज्याला बघायचं असतं ना, तो एकूणएक ड्रॉवर उघडून बघतो.”

मग तिने ‘गॉन होम’ लावला. हाही 2013 चाच. गोष्ट 1995 सालची, ओरेगनमधल्या एका रिकाम्या घरातली. मोठी बहीण परदेशातून परत आली आहे आणि धाकटी सॅम घरात नाही. आपण नुसते ड्रॉवर, कपाटे उघडत हिंडायचे. आधी चिठ्ठ्याचपाट्यांतून अंदाज येतो, मग सॅम स्वतःच्याच आवाजात सगळे सांगते. लॉनी नावाच्या मैत्रिणीवर तिचे प्रेम आहे आणि आईवडिलांनी ते खरे मानायलाच नकार दिला आहे. ती सांगते आहे ते बहिणीला. ऐकून घेईल असे एक माणूस तिने हेरले होते; नेमके तेच गावाला गेलेले.

हे खेळताना भाची माझ्याकडे बघत नव्हती. मघाचे ते ड्रॉवर कुणाचे, हे मी विचारले नाही. एखाद्या मैत्रिणीचे असतील. तिला सांगायचे असेल तेव्हा सांगेल. मला कुठे जायचे आहे? मी शेंगदाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली आणि म्हटले, “तो जिन्याखालचा राहिला बघ. उघड.”