गल्लीतला चेंडू आणि समीक्षकांचा निवाडा

भाताची कापणी आटोपल्यावर वेल्ह्याच्या मोकळ्या खाचरांत मुले चेंडू घेऊन उतरतात तेव्हा मैदानाची हद्द बांध ठरवतो आणि भोरच्या जुन्या आळ्यांत ती समोरच्या घराची भिंत ठरवते. जागेच्या या संकोचातूनच ज्याचे सारे कौशल्य जन्मते, तो गल्लीतला फुटबॉल पडद्यावर आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीची 'फिफा स्ट्रीट' ही व्हिडिओ गेमची मालिका होय. २००५, २००६ आणि २००८ असे तिचे तीन भाग निघाले आणि २०१२ साली मूळ नावानेच ती नव्याने मांडली गेली. संगणकावर चालणारी आवृत्ती मात्र कधीच निघाली नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावांतल्या सायबर कॅफेंची दारे तिला बंदच राहिली, आणि आमच्याकडे तिची कीर्ती बरीचशी ऐकीवच राहिली.

पहिल्या भागात गोलरक्षकासह चार-चार गडी, पंचाची शिट्टी नाही, फाउलची तक्रार नाही. पायांच्या करामती जितक्या अधिक, तितकी एक पट्टी भरत जायची आणि ती पूर्ण भरली की 'गेमब्रेकर' नावाचा, सहसा न अडणारा फटका खेळाडूच्या हाती यायचा. समीक्षकांनी त्याच्या दिमाखाचे स्वागत केले, पण थोड्याच वेळात तोच तो पणा जाणवू लागतो अशी हरकतही नोंदवली, आणि ती रास्त होती. आपल्या पंडित कवींच्या चित्रबंधांत अर्थाला ओलीस ठेवून अक्षरांची कसरत चालावी, तशी येथे गोलाची गरज मागे पडून अलंकारच साध्य होऊन बसला होता. दुसऱ्या भागाने यात मोलाची भर घातली नाही. तिसऱ्याने खेळाडूंना अर्कचित्रांचे रूप दिले, जे डोळ्यांना रुचले, परंतु खेळाचे दारिद्र्य त्याने झाकले गेले नाही.

२०१२ चा भाग समीक्षकांनी मालिकेत सर्वोत्तम ठरवला. त्याचा पाया 'फिफा १२' या मोठ्या खेळाचा होता, चेंडू वजनदार होता, तळपायाखाली तो थोपवून प्रतिस्पर्ध्याला खुणावता येई. आणि 'पन्ना' या प्रकारात प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमधून चेंडू काढल्याचे गुण रोजकीर्दीत मांडावेत तसे नुसते नोंदले जात, गोल झाल्यावाचून ते खात्यावर जमा होत नसत. माझ्या मते साऱ्या मालिकेतील खरी प्रतिभा या एका नियमात आहे, कारण त्याने करामतीला प्रयोजन दिले. 'लास्ट मॅन स्टँडिंग' या प्रकारात तर गोल करणाऱ्या संघालाच एक गडी बाहेर पाठवावा लागे, म्हणजे यशाबरोबर अडचणही वाढत जाई.

तथापि अनेक समीक्षकांनी या भागाची शिफारस केली ती मुख्यत्वे तो मोठ्या मैदानाच्या खेळाइतका वास्तव वाटतो म्हणून. निवाडा बरोबर, पण त्याचे कारण मला संशयास्पद वाटते. वास्तवतेनेच काम भागले असते, तर २०१९ मध्ये 'फिफा २०' मध्ये समाविष्ट झालेल्या 'वोल्टा' या गल्लीच्या विभागाला निर्विवाद यश मिळावयास हवे होते. त्याची यंत्रणा मोठ्या खेळाचीच होती. प्रत्यक्षात त्याचे स्वागत संमिश्र झाले, त्यातील कथानक पोकळ ठरले, आणि २०१२ नंतर या मालिकेचा स्वतंत्र भाग काही निघाला नाही.