कार्नेगींची दहा टक्क्यांची अट

अँड्र्यू कार्नेगी यांचा ‘वेल्थ’ हा निबंध जून १८८९च्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. नियोजनबद्ध दानाची चर्चा आजही फिरून त्याच्यापाशीच येते. श्रीमंताने संपत्ती वारसांसाठी ठेवू नये, मृत्युपत्राच्या भरवशावरही सोडू नये. हयातीतच स्वतःच्या देखरेखीखाली ती लोकहितासाठी खर्च करावी, असे ते सांगतात. मोठ्या वारशांवर जबर कर बसवावा, असेही. एका पोलादसम्राटाने हे लिहावे, याला धाडसच म्हणायचे.

मला खटकतो तो त्यातला एक युक्तिवाद. हीच रक्कम थोडीथोडी, अगदी मजुरी म्हणून वाटली, तरी तिच्यातला बराच भाग खाण्यापिण्यात उडेल. एका हाती साठली तर तिच्यातून संस्था उभ्या राहतील. म्हणजे मजुराचे हित त्याच्यापेक्षा मालकाला अधिक कळते!

तीनच वर्षांनी, १८९२च्या उन्हाळ्यात, त्यांच्याच होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीकपातीला कामगारसंघटनेने विरोध केला आणि टाळेबंदी झाली. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होते. कारभार हेन्री फ्रिक पाहत होते. पिंकर्टन एजन्सीचे सुमारे ३०० लोक नदीमार्गे आणले गेले. ६ जुलैच्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मेली. पुढे संघटना मोडली. १८९८मध्ये तिथेच कार्नेगींचे देखणे ग्रंथालय उघडले; संगीतसभागृह आणि पोहण्याच्या तलावासकट. बारा तासांची पाळी संपवून आलेल्याने तिथे वाचायला कधी बसायचे, याचे उत्तर निबंधात सापडत नाही.

ग्रंथालयांच्या योजनेतली अट मात्र निबंधापेक्षा शहाणी आहे. इमारतीचे पैसे कार्नेगींचे. जागा गावाची, आणि इमारतीच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम गावाने दरवर्षी करातून द्यायची. पुस्तके, पगार, सरपण, सारे त्यातून. जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये अशी उभी राहिली. देणगीदार गेल्यावरही ती चालली, कारण नागरिकांनी त्यांचा भार आधीच पत्करलेला होता. (मद्रासच्या १९४८च्या कायद्यात ग्रंथालय कर आला, महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्यात तो नाही. आपली ग्रंथालये अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून का बसतात, याचा शोध इथून सुरू करता येईल.)

ही अट नको म्हणून काही गावांनी देणगी नाकारली. त्यांना ते शक्य होते. होमस्टेडच्या मजुरांनी कपात नाकारली होती.