मोजलेलं देवनार, न लिहिलेलं देवनार

मराठीत गावाच्या आठवणी लिहिणारा माणूस बहुधा ते गाव सोडून आलेला असतो. कोकणातलं घर, मागची विहीर, आजीच्या हातचं काहीतरी, छडीवाले पण आतून मऊ असलेले मास्तर, आणि शेवटी ‘आता ते काही उरलं नाही’ हा सुस्कारा. दिवाळी अंक चाळले की दर वर्षी असे दोन-चार लेख हमखास सापडतात आणि गावाचं नाव बदललं तरी बाकीचा मजकूर फारसा बदलावा लागत नाही. ‘श्यामची आई’चं पालगड किंवा प्रकाश नारायण संतांचा लंपन ज्या गावात वाढला ते गाव आपल्याला दिसतं, कारण तिथे लेखकाची नजर हळहळीच्या आधी पोचलेली आहे. त्यांच्या मागून आलेल्या बहुतेकांकडे हळहळच आधी पोचते.

या लेखनप्रकाराची आजची स्थिती तपासायची तर देवनारसारखी कसोटी नाही. इथे हळहळ चालतच नाही. देवनार म्हटलं की मुंबईकराला कचऱ्याचे डोंगर आठवतात, बकरी ईदच्या आधीचा बकऱ्यांचा बाजार आठवतो, आणि जरा जुन्या माणसाला राज कपूरचा बंगला. इथे वाढलेल्या माणसाला लहानपणाबद्दल लिहायचं झालं तर आधी वाचकाच्या डोक्यातलं हे चित्र बाजूला सारावं लागतं. पार्ल्याच्या माणसाला हा त्रास नाही. पार्ल्याला टिळक विद्यालय आहे, लोकमान्य सेवा संघ आहे, पु. लं.सारखा तिथे वाढलेला लेखक आहे. आठवणींना टेकायला तयार भिंती आहेत.

स्थानिक इतिहासाची मराठी परंपरा तशी दरिद्री नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचं, आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा. पण या मंडळींची मुंबई माहीम-शीवपाशी संपते. देवनार तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीत मोडायचं. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला, पुढे १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द उपनगरांपर्यंत वाढली, आणि १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा निघाला. ज्याचा पत्ता सरकारच इतक्यांदा बदलतं त्याला ना ठाण्याचे इतिहासकार आपलं म्हणत, ना मुंबईचे.

मला या परंपरेतला सगळ्यात मोलाचा माणूस वाटतो तो ना. गो. चापेकर. त्यांचं ‘बदलापूर’ १९३३ सालचं. न्यायखात्यात आयुष्य घालवलेल्या या गृहस्थाने एका गावाची माणसं, जाती, धंदे, शेती, सणवार, बोली असं सगळं जमा केलं आणि ‘आमचा गांव’ म्हणत छापलं. त्यात जिव्हाळा आहे, पण तो मोजमापाच्या आड येत नाही. खेदाची गोष्ट म्हणजे चापेकरांचा वारसा मराठी साहित्याने फारसा चालवला नाही. मोजणी समाजशास्त्राकडे गेली, जिव्हाळा ललित लेखकांकडे राहिला, आणि दोघांची वाटणी झाल्यावर भाऊबंदांसारखं बोलणंही तुटलं.

देवनारात ही वाटणी अगदी नकाशावर दिसते. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली आणि १९५४ मध्ये देवनारच्या आवारात आली. लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली, तीही शेजारीच. समाज मोजणाऱ्या देशातल्या दोन नामवंत संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, आणि रुळांपलीकडे शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात देवनारचा एम-पूर्व प्रभाग शहरात सगळ्यात तळाला होता. इथल्या पोरांना प्रश्नावली म्हणजे काय हे पाढ्यांच्या आधी कळत असेल. घरात माणसं किती, पाणी किती वाजता येतं, शाळा कोणी का सोडली, सगळं विचारून झालेलं आहे. पण पावसाळ्यात ती खेळायला कुठे जातात, पहिली लोकल कोणाबरोबर धरली, कोणत्या गल्लीला कोणी काय नाव पाडलं, हे विचारायला कोणत्याही प्रश्नावलीत रकाना नसतो. आणि रकाना नसलेल्या गोष्टी लिहिणारा मराठी लेखकही इथे क्वचितच फिरकला.

मग स्थानिक आठवणी जातात कुठे? स्मरणिकेत. शाळेचा रौप्यमहोत्सव, मंडळाचा गणेशोत्सव, सोसायटीची पन्नाशी. वाङ्मय म्हणून या स्मरणिका वाचवत नाहीत. अध्यक्षांचं मनोगत, नगरसेवकांचा शुभसंदेश, ‘त्या मंतरलेल्या दिवसांत’ने सुरू होणारा लेख. पण माझं मत असं की उपनगरांचा खरा इतिहास त्यांच्या जाहिरातींच्या पानांवर आहे. पाव पान शिंपी, अर्धं पान पिठाची गिरणी, मागच्या पानावर रेशन दुकानदार, आणि ‘एक हितचिंतक’ म्हणून नाव न देणारा कोणी. कुठल्या साली वस्तीत टेलिव्हिजनचं दुकान आलं, क्लासेस कधी सुरू झाले, एसटीडी बूथ कधी आले आणि कधी गेले, सगळं तिथे तारीखवार आहे. लेख टाकून जाहिराती जपणारं एखादं ग्रंथालय निघालं तर त्याची वर्गणी मी आनंदाने भरीन.

अशी कागदपत्रं कोणी न जपल्याने साध्या गोष्टीही धड ठरत नाहीत. डंपिंग ग्राउंड कधीचं? वर्तमानपत्रं १९२७ हे साल देत आली आहेत. सौम्या रॉय यांनी ‘माउंटन टेल्स’ या २०२१ च्या इंग्रजी पुस्तकात मात्र गोष्ट प्लेगपर्यंत मागे नेली आहे. १८९७ च्या सुमारास साथीने हादरलेल्या महापालिकेने देवनारची दलदलीची जमीन घेतली आणि शतक संपता संपता कचऱ्याची गाडी तिकडे येऊ लागली. म्हणजे गिरगावातली घाण इथे यायला लागली तेव्हा टिळक मंडालेलाही गेले नव्हते. एवढा जुना संबंध, पण मुंबईच्या मराठी इतिहासलेखनात तो सांडपाण्याच्या प्रकरणातली तळटीप होऊन राहिला.

रॉय यांचं पुस्तक चांगलं आहे. कचरा वेचणाऱ्या कुटुंबांबरोबर त्यांनी वर्षं काढली आहेत आणि ते पानोपानी जाणवतं. तरी माझी एक तक्रार आहे. त्यात डोंगर इतका मोठा होतो की त्याच्याकडे पाठ करून चाललेलं लहानपण दिसेनासं होतं. देवनारातलं प्रत्येक मूल डंपिंगवर जात नाही. बसडेपोवर वडील कंडक्टर असलेली मुलं आहेत, १९७१ मध्ये सुरू झालेल्या पशुवधगृहाशी घरचा धंदा बांधलेली मुलं आहेत, गावठाणातली आगरी-कोळी घरं आहेत, संस्थेच्या क्वार्टर्समध्ये झाडांखाली वाढलेली मुलं आहेत. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंग पेटलं, धूर उपग्रहातून दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर या सगळ्यांच्याच घरात शिरला. सुट्टी मिळाली म्हणून आनंदलेलं पोर मात्र मला कुठल्याच बातमीत भेटलं नाही, आणि असं पोर नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

इंग्रजांच्या देशातही गावाच्या आठवणींचा हा प्रकार आधी हळहळीनेच भरला होता. लॉरी लीचं ‘सायडर विथ रोझी’ १९५९ चं, ग्लॉस्टरशायरमधल्या स्लॅड खेड्याचं, आणि त्याच्या लोभस भाषेने पुढच्या कितीतरी लेखकांना बिघडवलं. पण १९७१ मध्ये रॉबर्ट रॉबर्ट्‌सने ‘द क्लासिक स्लम’ लिहिलं. सॅलफर्डच्या झोपडवजा वस्तीत त्याच्या आईचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. उधारी कोणाला द्यायची, कोणाला नाही, यावरून गल्लीतली प्रतिष्ठेची उतरंड त्या पोराला पाठ झाली, आणि म्हातारपणी त्याने ती इतिहासकाराच्या शिस्तीने मांडली. गरिबांमध्येही वरचे-खालचे असतात, आणि ते किती काटेकोर पाळलं जातं, हे तो निर्भीडपणे लिहितो. त्याच्या पुस्तकात दया मागितलेली नाही आणि अभिमानाचा फुगाही नाही.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ कोण जातं? मी अण्णा भाऊ साठ्यांचं नाव घेईन. ते घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि ‘चिरागनगरची भुतं’ हे त्यांच्या एका पुस्तकाचं नावच आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, त्यातला नागपाड्याचा कावाखाना विसरता येत नाही. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ आणि दळवींचं ‘चक्र’ झोपडपट्टीत शिरले, पण बाहेरून. दलित आत्मकथनांनी मराठीला गल्ली आतून सांगायला शिकवलं, हे निर्विवाद. मात्र प्रकाशकांना आणि समीक्षकांना त्यातून एकच साचा हाती लागला. वेदना आणि मग शिक्षणाने उद्धार. उद्धार न झालेला, वेदनेचं भांडवल न करणारा, नुसता आपल्या गल्लीचा हिशेब ठेवणारा माणूस त्या साच्यात बसत नाही आणि त्याचं हस्तलिखित परत येतं.

भाषेचाही अडसर आहे. देवनार-गोवंडीचं लहानपण निव्वळ मराठीत घडत नाही. घरात एक बोली, गल्लीत मुंबईची हिंदी, महापालिकेच्या शाळेत मराठी किंवा उर्दू, चीता कॅम्पात तमिळ. ज्याला हे लहानपण मराठीत लिहायचं आहे त्याला संवाद शुद्ध करून चालणार नाही आणि प्रत्येक वाक्याखाली अर्थ देऊनही नाही. भाऊ पाध्यांनी बोलण्यातली मुंबई कागदावर आणून दाखवली त्याला अर्धशतक उलटलं. आजच्या आठवणीवजा लेखांतली पोरं मात्र अजून सदाशिव पेठेत शिकवणी लावल्यासारखी बोलतात.

चीता कॅम्पचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. अणुशक्ती केंद्राशेजारची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, उठवली गेली आणि हजारो कुटुंबं खाडीकाठच्या चीता कॅम्पच्या जमिनीवर आणून सोडली. जॉकिन अर्पुथम या लढ्यातून पुढे आले, जगभर गेले, आणि त्यांनी ही हकिगत सांगितली ती इंग्रजीत. मराठीत ती वृत्तांतापुरती राहिली. उठवलेल्या वस्तीचा इतिहास लिहिणं अवघड असतं, कारण परत जाऊन पाहायला घर नसतं. म्हणूनच तिथे साक्षीची पद्धत हवी. दहा जणांना एकच दिवस विचारायचा आणि त्यांच्या विसंगतीही छापायच्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाबाबत २००४ मध्ये हे करून दाखवलं आहे. गिरणगावाला संपाचा आणि संघटनेचा दबदबा होता. देवनारला तो नाही, एवढाच काय तो फरक.

आता डोंगरही हलणार आहे. कचऱ्यावर प्रक्रिया करून जमीन मोकळी करायचं ठरलं आहे आणि २०२४ मध्ये त्यातली सुमारे १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय झाला. म्हणजे पुन्हा बाहेरून माणसं आणली जातील, पुन्हा त्यांची मोजणी होईल. जनता कॉलनी उठली तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज साठीला आलं आहे. त्याला ट्रकमध्ये काय काय चढवलं आणि काय मागे राहिलं ते नीट आठवत असेल. एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाने कोकणातल्या विहिरीचा एक लेख गाळून तेवढी पानं त्याला द्यावीत, आणि तो ज्या हिंदी-मराठीत बोलेल त्याच हिंदी-मराठीत ती छापावीत.