‘सुरक्षितता’ आणि ‘सुरक्षा’ : अणुऊर्जा नियामक मंडळाच्या उत्तरांची चिकित्सा

शासकीय संस्थांचे लेखन हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही कल्पना मराठीत अद्याप रुजलेली नाही. अहवाल, प्रसिद्धिपत्रक, प्रतिज्ञापत्र यांकडे माहितीची साधने म्हणून पाहिले जाते. त्यांच्या शब्दयोजनेचा, त्यांत गृहीत धरलेल्या वाचकाचा आणि त्यांत सांगावयाच्या राहून गेलेल्या गोष्टींचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः ज्या लेखनावर हजारो माणसांचे निर्धास्तपण अवलंबून असते त्याची चिकित्सा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. अणुवीजकेंद्रांतील दोष आणि दुर्घटनांविषयी लोकांनी वेळोवेळी शंका घेतल्या, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने त्यांना उत्तरे दिली. ही उत्तरे नेमकी कोणत्या प्रश्नाची आहेत, हे तपासण्याचा येथे हेतू आहे.

हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालील अधिकारांनुसार स्थापन झाले. त्याच्या कार्यालयाचे नाव ‘नियामक भवन’. ते मुंबईत अणुशक्तिनगर येथे, म्हणजे ज्या खात्याच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवावयाची त्याच खात्याच्या वसाहतीत, उभे आहे. पत्त्यावरून संस्थेची परीक्षा करू नये हे खरे. परंतु येथे पत्ता आणि रचना यांचा मेळ बसतो. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते. आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव असे. आणि वीजकेंद्रे चालविणारे महामंडळ त्याच विभागाच्या अखत्यारीत होते. तपासणारा आणि तपासला जाणारा यांचा वरिष्ठ एकच असला म्हणजे ‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ वाचकाला स्वतःच शोधावा लागतो.

मंडळाचे कार्यक्षेत्र तारापूरच्या अणुभट्ट्यांपुरते मर्यादित नाही, ही गोष्टही पुष्कळदा विसरली जाते. रहाटणीतील एखाद्या रोगनिदान केंद्रातील क्ष-किरण यंत्र, किंवा भोसरी-चाकणच्या कारखान्यात ओतकामातील आणि जोडकामातील दोष पाहण्यासाठी वापरला जाणारा इरिडियमचा किरणोत्सारी स्रोत, हेही याच मंडळाच्या परवानगीच्या कक्षेत येतात. त्यामुळे मंडळाच्या शब्दांचा वाचक केवळ समुद्रकाठच्या प्रकल्पग्रस्त गावांत राहतो असे समजण्याचे कारण नाही.

या विवेचनातील मध्यवर्ती घटना १९९५ ची आहे. डॉ. ए. गोपालकृष्णन हे १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या नेमणुकीच्या थोडेच आधी, ३१ मार्च १९९३ रोजी, नरोरा येथे जनित्राच्या टर्बाइनची पाती तुटून मोठी आग लागली होती आणि केंद्राचा सर्व वीजपुरवठा सुमारे सतरा तास खंडित झाला होता. तर १३ मे १९९४ रोजी कैगा येथे बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीच्या आवरणाच्या घुमटाचा भाग कोसळला. या पार्श्वभूमीवर मंडळाने अणुऊर्जा विभागाच्या प्रकल्पांतील सुरक्षिततेच्या प्रश्नांचा अहवाल १९९५ मध्ये तयार केला. त्यात सुमारे १३० प्रश्नांची नोंद होती आणि त्यांपैकी ९५ प्रश्न अग्रक्रमाचे होते, असे गोपालकृष्णन यांनी पदमुक्त झाल्यावर जाहीरपणे सांगितले. मंडळाच्या एकंदर लेखनात हा अहवाल वेगळा उठून दिसतो तो याच कारणाने. येथे नियामकाने आश्वासन लिहिले नव्हते, दोषांची यादी लिहिली होती. आणि नेमके हेच लेखन लोकांपुढे आले नाही.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी हा अहवाल उघड व्हावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. शासनाने गोपनीयतेचा विशेषाधिकार पुढे केला. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि ६ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिलेही फेटाळताना १९६२ च्या कायद्यातील माहितीवर निर्बंध घालणारे अठरावे कलम वैध ठरविले. न्यायालयाच्या विचारसरणीचा एक धागा असा की, अशा अहवालातील तपशिलांवरून देशाच्या अणुकार्यक्रमाचे स्वरूप आणि साठे यांविषयी परकीयांना अनुमान करता येईल. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. तारापुरात वीजनिर्मितीच्या शेजारीच वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प आहे. तेथील प्रत्येक आकडा चव्हाट्यावर मांडावा असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु नळीला गेलेला तडा, आपत्कालीन पंपाची अवस्था किंवा अग्निशामक व्यवस्थेतील उणीव यांचा साठ्याच्या गुपिताशी काय संबंध? संपूर्ण दस्तऐवज आणि त्यातील गोपनीय भाग यांत भेद करण्याचा मार्ग मोकळा होता. तो स्वीकारला गेला नाही.

येथे एका शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ हे दोन शब्द आहेत. यंत्रापासून माणसाचा बचाव हा पहिल्याचा विषय, आणि माणसापासून यंत्राचा, गुपिताचा किंवा राज्याचा बचाव हा दुसऱ्याचा. मराठी व्यवहारात दोहोंना ‘सुरक्षा’ हाच शब्द बहुधा लागतो. चाकणच्या कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकावर हा घोटाळा उभा असलेला दिसेल : आतल्या फलकावरील ‘सुरक्षा प्रथम’ हे वाक्य कामगाराच्या हातापायांविषयी असते, आणि फाटकावरचा ‘सुरक्षारक्षक’ मालाच्या राखणीसाठी असतो. ४ मार्चचा ‘राष्ट्रीय सुरक्षा दिन’ अपघातनिवारणाचा. पण ‘राष्ट्रीय सुरक्षेला धोका’ या शब्दप्रयोगातील सुरक्षा निराळी. १९६६ मध्ये स्थापन झालेली अपघातनिवारणाची संस्था आणि १९९८ मध्ये स्थापन झालेली संरक्षणविषयक सल्लागार संस्था या दोहोंना मराठीत ‘राष्ट्रीय सुरक्षा परिषद’ म्हणतात, यातील विनोद सोडून दिला तरी अडचण उरतेच.

मराठी वृत्तपत्रांतून अणुप्रश्नावर होणारी चर्चा या एका शब्दामुळे पुष्कळदा घसरते. ‘प्रकल्पाच्या सुरक्षेविषयी माहिती द्या’ असे मच्छीमार म्हणतो तेव्हा त्याला सुरक्षितता अभिप्रेत असते; ‘सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते तेव्हा त्यातली सुरक्षा दुसरीच असते. मात्र दोष केवळ मराठीच्या शब्दसंपत्तीचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. दोन स्वतंत्र शब्द हाताशी असणाऱ्या इंग्रजीतही १९९५ च्या अहवालाच्या बाबतीत हेच घडले. ‘सेफ्टी’च्या प्रश्नांचा म्हणून लिहिलेला अहवाल ‘सिक्युरिटी’च्या कुलपात गेला. मराठीने ही सरमिसळ निर्माण केली नाही. तिने ती फक्त उघडी पाडली.

मंडळाच्या उत्तरांतील दुसरा लक्षणीय शब्द ‘घटना’ हा आहे. १९९० पासून प्रचारात आलेल्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत सात पायऱ्या आहेत : पहिल्या तीन ‘घटना’, पुढील चार ‘अपघात’. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या पायरीवर, नरोरा तिसऱ्या. तंत्रदृष्ट्या हे वर्गीकरण उपयुक्त आहे, कारण किरणोत्सर्ग बाहेर किती गेला आणि संरक्षणाचे किती स्तर निकामी झाले याचा त्यात विचार असतो. परंतु नरोऱ्याला आग विझविण्याच्या पंपांच्या साहाय्याने शीतन टिकवावे लागले, ही हकीकत ‘तिसऱ्या पायरीची घटना’ या शब्दांत मावत नाही. मोजपट्टी परिणाम सांगते. परिणाम किती थोडक्यात टळला ते सांगण्याची तिची शक्ती अपुरी आहे. केंद्राच्या परिसरात राहणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र बहुधा या दुसऱ्या गोष्टीविषयी असतो. त्याला उत्तर मिळते ते असे की, लोकांना मिळालेली किरणमात्रा वार्षिक १ मिलिसीव्हर्टच्या मर्यादेहून पुष्कळ कमी आहे. विधान खरे असू शकते, आणि तरीही ते त्या प्रश्नाचे उत्तर नसते.

याच्या उलट दिशेचे लेखन म्हणून नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालाकडे पाहता येईल. त्याची भाषा रुक्ष आहे, पण प्रत्येक वाक्याला पुरावा आहे. १९८३ मध्ये सोपविलेले राष्ट्रीय किरणोत्सर्ग-सुरक्षितता धोरण तयार झालेले नव्हते. आवश्यक ठरविलेल्या नियमसंहिता व मार्गदर्शिकांपैकी २७ अपूर्ण होत्या. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली ९१ टक्के नोंदणीविना चालू होती. आणि नियमभंगाबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये! एवढ्या रकमेत आज रहाटणीत क्ष-किरण चित्र काढून मिळेल. नियमभंगाला आवर बसणे कठीण. हे आकडे वाचकाच्या हाती आले, त्यानंतर मंडळाला नोंदणीचे काम संगणकीय पद्धतीने आणि पुष्कळ वेगाने करावे लागले. लोकलेखा समितीनेही २०१३ च्या अहवालात या विषयाचा पाठपुरावा केला. दोषांची यादी उघड झाल्याने येथे राष्ट्राची कोणतीही हानी झाली नाही.

मंडळावर एकतर्फी दोषारोप करणे मात्र अन्यायाचे होईल. मार्च २०११ मधील फुकुशिमाच्या अपघातानंतर मंडळाने एस. के. शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून देशातील केंद्रांची पाहणी करविली. भूकंप, पूर, दीर्घकाळ वीज खंडित होणे यांविषयीच्या तिच्या शिफारशी अभ्यासकांना उपलब्ध झाल्या, आणि त्यांत उणिवांचा उल्लेख टाळलेला नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या. त्यांची रचना फुकुशिमाच्या जुन्या अणुभट्ट्यांशी नाते सांगणारी. अशा वेळी नुसते ‘काळजीचे कारण नाही’ म्हणणे सोपे होते. मंडळाने त्यापलीकडे जाऊन लिहिले, हे नमूद केले पाहिजे. अर्थात २५ एप्रिल २००० च्या आदेशाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या देखरेखीतून काढून घेण्यात आल्या होत्या. त्यामुळे तारापूरच्या एकाच किनाऱ्यावरील काही इमारतींविषयी मंडळ बोलू शकत होते आणि काहींविषयी त्याला मौनच पत्करावे लागत होते. हे मौन मंडळाच्या इच्छेचे नव्हते. पण वाचकाला एक मौन दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याची सोय नाही.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक उणीव येथे सांगावयास हवी. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी पर्यावरणीय अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत आवश्यक असतो. जैतापूरसारख्या, १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या योजिलेल्या प्रकल्पाविषयी राजापूर तालुक्यातील शेतकऱ्याला मराठीत सारांश, आणि ज्यावर वाद घालता येईल तो तपशील इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे. सारांशात निष्कर्ष येतात, त्यांमागची आकडेमोड येत नाही. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे गोळीबारात एकाचा मृत्यू झाला, तोपर्यंत संभाषण केव्हाच तुटलेले होते. गावकऱ्यांना ‘अज्ञानी’ म्हणणाऱ्या त्या काळच्या लेखांनी हा भाषेचा मुद्दा लक्षात घेतलेला दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने २०१५ मध्ये मंडळाच्या कामाचे परीक्षण केले, तेव्हा मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यातच नमूद करावे, अशी शिफारस केली. २०११ मध्ये त्यासाठी लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये व्यपगत झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद केली. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचे दार उघडले, आणि माहिती प्रतिबंधित ठरविण्याचा केंद्र शासनाचा अधिकारही कायम ठेवला. म्हणजे यापुढे नियामकाला सरकारी महामंडळाबरोबरच नफ्यासाठी वीज विकणाऱ्या कंपन्यांच्या दोषांविषयीही लिहावे लागेल. त्या लिखाणातील कोणता भाग ‘सुरक्षितते’चा म्हणून वाचकाकडे येईल आणि कोणता ‘सुरक्षे’चा म्हणून अडविला जाईल, हे ठरविण्याची निश्चित कसोटी १९९५ च्या अहवालाच्या वेळीही कोणी लिहून ठेवलेली नव्हती.